शकूताई, तुमचा निबंध परत वाचला

शकूताई, माझ्या टेबलावर मागच्या वर्षीच्या वार्षिक अंकातलं एक पान उघडं ठेवलंय. विभागप्रमुख सरांनी स्वतः आणून ठेवलं. त्यावर चौकटीत श्रद्धांजली आहे, दुसऱ्याच कुणाची तरी. "मॅडम, हाच मजकूर घ्या, नाव तेवढं बदला. फोटो त्यांच्या मुलाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलाय." मजकूर असा : मनमिळाऊ स्वभाव, अभ्यासू वृत्ती, कधीही भरून न निघणारी पोकळी. अहो, पोकळी कुणाची आहे ते तरी आधी बघा की! एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला चढवायचा, तोही मेल्यावर, म्हणजे तक्रार करायलासुद्धा कुणी उरत नाही.

मी ते पान पालथं घातलं आणि हे लिहायला बसले. छापतील की नाही, माहीत नाही. नाही छापलं तर गेलं उडत. तुमचं माझं बोलणं अर्धवट राहिलंय आणि ते त्या चौकटीत मावणारं नाही. मी तुमचा निबंध परत वाचीन असा शब्द दिला होता. तो पाळला, पण तुम्ही गेल्यावर. आता हे कुणाला सांगू?

तुम्ही पहिल्यांदा वर्गात आलात तेव्हाही मीच चुकले होते. पहिल्या बाकावर नऊवारी नेसलेली, पन्नाशीला टेकलेली बाई बघून मी म्हणाले, "पालकांनी खाली ऑफिसात भेटायचं." तुम्ही उठून उभ्या राहिलात, पदर सारखा केलात आणि म्हणालात, "मी कुनाची आई म्हनून न्हाई आले मॅडम. माजा रोल नंबर सत्तेचाळीस हाय." वर्ग खिदळला. मीही हसले, पण ओशाळून. त्या दिवसापासून मी तुम्हाला ताई म्हणायला लागले आणि तुम्ही, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या असून, मला मॅडम. दोघींनाही ते कधी जड गेलं नाही.

मी सावेडीहून रोज अप-डाऊन करते आणि रोज कुरकुरते. बस लेट, ऊन फार, कंबर दुखते. तुम्ही पुणतांब्याहून यायच्यात, सकाळी टोळीबरोबर खुरपणीला जाऊन, दुपारी अर्ध्यातून उठून एसटी धरून. दहावी आणि बारावी दोन्ही तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून केलेली. पिशवीत एका बाजूला वही आणि दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं. एकदा त्याचं टोक बाहेर आलं आणि शेजारच्या मुलीची ओढणी फाटली. तुम्ही तास संपायच्या आत ती शिवून दिलीत, पिशवीतल्याच सुईदोऱ्यानं, मी समोर शिकवत असताना. मी रागावले. तुम्ही म्हणालात, "कानानं ऐकतिया की मॅडम, हातानं शिवतिया." आणि मी काय शिकवत होते ते जसंच्या तसं सांगितलंत.

मग दुसऱ्या वर्षाला तो समीक्षा निबंध आला. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण. अभ्यासक्रमातल्या एका ग्रामीण कथेवर लिहायचं होतं. कथेचं नाव इथे घेत नाही, तिचा यात काही दोष नाही. मी वर्गाला नियम सांगितले, मोठ्या रुबाबात. समीक्षेत 'मी' आणायचा नाही. 'मला वाटतं', 'आमच्या गावी', 'माझ्या बाबतीत' असलं काही चालणार नाही. जे पुस्तकात आहे त्यावर बोला, पान क्रमांक द्या. तुम्ही हात वर केलात. "मग मला वाटतं तर लिव्हायचं कसं?" मी म्हणाले, "'असे दिसते' असं लिहा." तुम्ही ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याला चौकोन केलात.

बाकी सगळ्यांनी गाईड उघडलं. मला ते माहीत होतं, दरवर्षी माहीत असतं. लेखक परिचय, कथाबीज, पात्रचित्रण, भाषाशैली, समारोप. गाईडमधली छपाईची चूकही साठ वह्यांमध्ये तशीच उतरलेली असते. मी मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा करत जाते, चौदा, पंधरा, सतरा. आणि तुम्ही मात्र चार वेळा खरडलंत, चार वेळा फाडलंत आणि पाचव्या वेळेला ती आठ पानं माझ्या हातात दिलीत.

त्या कथेत एक तरुण विधवा आहे. बायकांच्या टोळीबरोबर ती बाजरी खुरपायला जाते. शेवटी सगळ्या बायका काम संपवून बांधावर पोचतात, ती एकटीच रानाच्या मध्यात बसलेली असते आणि तिची पात तेवढी मागे राहिलेली असते. खुरपणीत प्रत्येक बाईच्या वाट्याला पिकाची जी पट्टी येते, ती पात. गाईड म्हणतं, ही मागे राहिलेली पात म्हणजे मानवी एकाकीपणाचं प्रतीक. मीही पंधरा वर्षं तेच सांगत आले. पंधरा वर्षं! खुरपं हातात न धरता!

तुम्ही लिहिलं होतं : "खुरपणीत कोणाची पात मागे राहत नाही. बाई आजारी असो, बाळंतीण असो, शेजारच्या दोघी अलीकडून-पलीकडून तिच्या पातीतले एकेक तास, म्हणजे पिकाची एकेक ओळ, ओढून घेतात आणि सगळ्या बरोबरच बांधाला लागतात. या कथेत पात मागे राहिली आहे. म्हणजे ती बायकांनी ठेवली आहे, असे दिसते." पुढे पुरावे, पान क्रमांकासकट. चौथ्या पानावर सगळ्या बायका लिंबाखाली भाकरी सोडतात, ही एकटी बाभळीखाली बसते. तिला कालवण कोणी विचारत नाही. सबंध कथेत एकही बाई तिला नावाने हाक मारत नाही. आणि मग ते वाक्य : "एकटेपण आभाळातून पडत नाही, ते माणसे करतात. बायकांनी असे का केले, हे लेखकाने सांगायला हवे होते. त्याला ते ठाऊक नव्हते, किंवा सांगायचे नव्हते, असे दिसते."

आणि मी त्याखाली लाल शाईने काय लिहिलं? "विषयांतर. वैयक्तिक अनुभव टाळा. प्रतीक समजून घ्या." सहा गुण. वीसपैकी सहा! गाईड उतरवणाऱ्याला सतरा आणि जिनं कथा वाचली तिला सहा. कप्पाळ माझं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टाफरूमच्या दारात उभ्या. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचाच मला राग आला होता.

"मॅडम, मार्काचं न्हाई म्हनत मी. पन विषयांतर कुटं झालं तेवढं दावा."

"शकूताई, ती पात हे प्रतीक आहे. ती खरी पात नाही."

"प्रतीक हाय, मान्य. पन प्रतीकाला बी भूक लागती ना? ते भाकरी कुटं बसून खातं ते बघाया नको?"

बाजूच्या टेबलावरचे सर फसकन हसले. मला वाटलं, ते मला हसले. आवाज चढवून मी म्हणाले, "लेखकाला काय म्हणायचंय त्याकडे लक्ष द्या."

"त्याला जे म्हनायचं ते त्यानं म्हनलं की. मला जे दिसलं ते मी लिव्हलं. तुमीच म्हनला हुता, पुस्तकातलंच लिव्हा."

"हे पुस्तकातलं नाही. हा तुमचा अनुभव आहे. टोळीतलं घेऊन आलात तुम्ही."

तुम्ही यावर काही तरी बोलणार होतात. तोंड उघडलंत आणि मिटलंत. मग म्हणालात, "एकदा परत वाचा मॅडम. घाई न्हाई." मी म्हणाले, "बघू. दिवाळीनंतर." ऑनलाईन गुण भरायची मुदत त्याच आठवड्यात होती. मी सहा भरले.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. तुमच्या थोरल्याचा फोन आला. आई छातीत दुखतंय म्हणाली, श्रीरामपूरला नेईपर्यंत संपलं. तो फोनवर रडत नव्हता, मलाच विचारत होता, "मॅडम, आईची परीक्षा हुती ना पुढच्या महिन्यात, तिचा फारम भरल्याला हाय, त्याचं काय करायचं?" मी त्याला काय सांगितलं, मला आठवत नाही.

त्या दुपारी मी तुमची आठ पानं काढली. एकदा वाचली, दोनदा वाचली. मग कथा काढली आणि प्रत्येक पान क्रमांक ताडून पाहिला. सगळे बरोबर. बाभळीखालची भाकरी मी पंधरा वर्षांत कधी पाहिलीच नव्हती, शकूताई. ती एका ओळीत आहे, मी दरवर्षी त्या ओळीवरून पुढे जायची. इतकी संतापले स्वतःवर की चहा ओट्यावर तसाच सोडून घरभर फेऱ्या मारत राहिले. आमचे हे म्हणाले, "अगं, झालं काय?" म्हटलं, "एका बाईनं मला वाचायला शिकवलं आणि मी तिला नापास केलं."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांकडे गेले. म्हटलं, गुण बदलायचेत. ते अगदी गोड बोलले. "मॅडम, सिस्टिम लॉक झालीय. आणि आता मयत विद्यार्थिनीचे मार्क वाढवून कोणाचं भलं होणार? उलट चौकशी लागायची. त्यापेक्षा श्रद्धांजलीत दोन ओळी चांगल्या लिहा." कोणाचं भलं म्हणे! माणूस गेला की त्याच्यावर झालेला अन्यायही बरोबर जातो, असा काही नियम आहे का? मी विचारलं तसं. सरांनी ते मागच्या वर्षीचं पान तेवढं काढलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

म्हणून दहाव्याला आले. तुमचे आठही कागद पर्समध्ये घालून. ठरवलं होतं, चारचौघांत उभं राहून सांगायचं की ही बाई काय लिहून गेलीय.

आपल्याकडचा दहावा तुम्हाला काय सांगायचा, तुम्ही शंभर पाहिले असतील. गोदावरीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक, आणि श्रद्धांजलीच्या भाषणांची रांग. आजी पुढारी सगळे, माजी पुढारी सगळे. एक जण म्हणाले, कष्टाळू माउली. दुसरे म्हणाले, आदर्श गृहिणी. तिसऱ्यांनी तर तुमचं नावच शालिनीताई घेतलं. मागून कुणी तरी "शकुंतला, शकुंतला" म्हणालं, तर ते "हां, शकुंतलाताई" म्हणून तिथूनच पुढे सुरू! सगळ्या भाषणांत तुम्ही सोशिक होतात. तुम्ही आणि सोशिक! दोन वर्षं माझ्या प्रत्येक वाक्याला हात वर करणारी बाई!

तुम्ही कॉलेजात शिकत होतात, हे एकानेही सांगितलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी कागद उलगडले. सूत्रसंचालक कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, वाचू नका, दोनच शब्द बोला, पाव्हणे खोळंबलेत." मी "शकूताई माझ्या विद्यार्थिनी होत्या" इथपर्यंत आले आणि कुणाची तरी पांढरी गाडी घाटावर लागली. गाडीतल्या पुढाऱ्याच्या स्वागताला म्हणून सूत्रसंचालकानं माझ्या हातातला माईक काढून घेतला. अक्षरशः काढून घेतला. परत काही दिला नाही.

सगळं आटोपल्यावर माणसं पांगली. मी पायरीवर बसले होते, कागद हातातच. बायकांच्या घोळक्यातून एक उंच, वाळकी बाई माझ्याकडे आली. "तुमीच का मराठीच्या मॅडम? मी चंद्राबाई. शकीच्या टोळीतली. लई बोलायची तुमचं." तिच्या मागून आणखी पाच-सहा जणी आल्या आणि बसल्या. "त्या कागदात पातीचं लिव्हलंय ना?" चंद्राबाईंनी विचारलं.

म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"आमचंच हाय ते. आमीच ठिवली हुती तिची पात मागं." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "कॉलेजात जाया लागली आन दुपारी अर्ध्यातनं उठाया लागली. पयला महिना वढली आमी तिची पात. मंग म्हनलं, आमी का म्हनून? ही शिकून सायबीन हुनार आन आमी हिचं गवत काढायचं? दिली सोडून. ती सकाळी लवकर येऊन एकलीच खुरपायची. भाकरीला बी आमी हाक मारली न्हाई. वरीसभर."

शकूताई, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? तेव्हा स्टाफरूमच्या दारात तोंड उघडून मिटलंत ते हेच ना? मी तुमच्यावर आळ घेतला की तुम्ही स्वतःचं घुसडलंत. आणि तुम्ही! वर्षभर बाभळीखाली भाकरी खाल्लेली बाई तुम्ही, आणि आठ पानांत स्वतःचा एक शब्द नाही. 'मी' नाही, 'आमच्या टोळीत' नाही, गाऱ्हाणं नाही. पान क्रमांक आणि 'असे दिसते'. मी घातलेला मूर्ख नियम वर्गातल्या एकाच बाईनं पाळला, आणि तो मोडला म्हणून मी तिचेच गुण कापले. राग येतो मला तुमचा. एकदा तरी भांडायचंत. टेबलावर हात आपटून सांगायचंत की बाई, हे माझ्यावर गुदरलंय आणि तरी मी ते बाजूला ठेवून लिहिलंय. मी त्या दिवशी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण सांगायचंत.

चंद्राबाईंचं संपलं नव्हतं. "मंग यंदा गवरी-गनपतीच्या नंतर एक दिवस ती म्हनली, म्या निबंद लिव्हलाय आन मॅडमनी तो समद्या वर्गापुढं वाचून दावला. कशावर लिव्हला, म्हनलं. तर म्हनली, पातीवर. म्हनलं, आमची नावं घातली का काय? म्हनली, भिऊ नका, तुमचं कुनाचं नाव न्हाई घातलं, पुस्तकातल्या बायांचं लिव्हलंय. दुसऱ्या दिशी मीच हिचं एक तास वढलं, हिकडून सखूनं वढलं. तवापासनं कदी मागं ठिवली न्हाई." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "वर्गापुढं वाचला हुता ना मॅडम? खरंच ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. सगळ्या जणी त्याच उत्तराची वाट बघत होत्या, आणि तुम्हीही त्यांना तेच सांगून गेला होतात. पण मी घाटावर आले होते ते खरं सांगायलाच.

"नाही वाचला, चंद्राबाई. वीसपैकी सहा मार्क दिले मी तिला. चुकीचं लिहिलंय म्हणाले."

मग चंद्राबाई म्हणाल्या, "म्हंजी माघारी येताना ती तोंड पाडून आली आसंल. आन आमाला हासत सांगितलं."

"हो."

"येडी," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि तशाच चिडक्या आवाजात मला म्हणाल्या, "मग आता वाचा की. आमी समद्या हाय हितं."

बायका सरकून जवळ बसल्या. मांडववाला खुर्च्यांवर खुर्च्या आदळत होता, त्याला चंद्राबाईंनी दरडावून थांबवलं. मी पायरीवर उभी राहिले आणि तुमचा निबंध पहिल्या ओळीपासून वाचला, एकही शब्द न गाळता, पान क्रमांकांसकट. भाकरीच्या जागी आले तेव्हा सखूबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या, पण मी थांबले नाही. शेवटी लाल शाईतला शेराही मोठ्यानं वाचला, आणि त्याखालची सही माझी आहे, हेही सांगितलं.